मांसाची पेरणी गाभणकाळात

शेळीपालनाची चर्चा निघाली की गावोगाव बहुधा एकच प्रश्न पुढे येतो : करडाचे वजन लवकर कसे वाढेल? प्रश्न रास्त आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि भूमिहीन शेतमजूर यांच्या घरी बोकड म्हणजे अडीअडचणीला मोडता येणारी ठेव होय. मुलीचे लग्न, मुलाची शाळा, खरिपाचे बियाणे असे अनेक खर्च या ठेवीवर भागतात. ती दोन-तीन किलोंनी जड झाली, तर त्याचा लाभ त्या घराला प्रत्यक्ष जाणवतो.

परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जागा मात्र बहुतेक ठिकाणी चुकलेली दिसते. करडू चार महिन्यांचे होऊनही अंग धरत नाही, असे ध्यानात आले की दुकानातून वाढीची बाटली आणली जाते, किंवा ओळखीच्या माणसाकडून एखादी सुई टोचून घेतली जाते. त्याच वेळी त्याच गोठ्याच्या कोपऱ्यात पुढच्या वेताची गाभण शेळी वाळक्या धाटांवर दिवस काढीत असते. ज्या जनावरावर पैसा खर्च होतो, त्याच्यावर उपाय करण्याची वेळ बरीचशी निघून गेलेली असते. आणि ज्याच्यावर तो व्हावयास हवा, ते उपेक्षित राहते.

स्नायूंची वाढ कशी होते, याविषयी प्राणिशास्त्राने गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे दाखवून दिले आहे, त्याचा शेतकऱ्याच्या दृष्टीने सारांश एका वाक्यात सांगता येईल : मांसाची पेरणी गर्भात होते आणि जन्मानंतर होते ती जोपासना. हा सारांश मान्य केला, तर गोठ्यातील पहिला घास कोणाच्या तोंडी पडावा, याचा नव्याने विचार करणे भाग आहे.

तंतूंची संख्या जन्मापूर्वीच ठरते

ज्याला मांस म्हणतात, ते म्हणजे जनावराचे स्नायू. प्रत्येक स्नायू केसासारख्या बारीक अशा असंख्य तंतूंच्या जुड्यांचा बनलेला असतो. शेळी, मेंढी, गाय यांच्या बाबतीत या तंतूंची संख्या पिलू जन्मण्यापूर्वीच जवळजवळ कायम होते. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा असतो, आणि १०० व्या दिवसाच्या आसपास तंतूंची संख्या पुरी होते. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असून तिच्या गर्भाची घडणही साधारणतः याच क्रमाने होते. त्यानंतर तंतू जाड होतात, लांब होतात. पण त्यांची संख्या वाढत नाही, असेच म्हणावे लागते.

ज्वारीच्या शेताचा दाखला घेतला म्हणजे ही गोष्ट सहज समजेल. पेरणी विरळ झाली, तर पुढे खतपाणी देऊन असलेली ताटे जोमदार करता येतात, कणसे भरदार होतात. पण जेथे ताटच उगवले नाही, तेथे कणीस कोठून येणार? शेतात निदान वेळीच नांग्या तरी भरता येतात. स्नायूंच्या शेतात तीही सोय नाही.

मेंढ्यांवर झालेल्या अभ्यासांत असे आढळले आहे की, गर्भकाळाच्या पूर्वार्धात आईला अर्धपोटी ठेवल्यास पिलाच्या स्नायूंतील तंतू कमी भरतात. अशा पिलाला पुढे चांगला खुराक दिला तरी त्याचा बराचसा भाग मांसाऐवजी चरबीकडे लवकर वळण्याचा संभव असतो. बाजारात नेल्यावर दोन सारख्या वयाच्या बोकडांत एक मांड्यांनी भरलेला आणि दुसरा केवळ पोटाने वाढलेला दिसतो. त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक होय.

वृद्धिघटकांचे कार्य

स्नायूंच्या या घडणीवर देखरेख करणारी काही द्रव्ये जनावराच्या शरीरातच तयार होतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात, पण एका पेशीने दुसरीला द्यावयाचा निरोप ती पोहोचवितात. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी वाढीचे संप्रेरक रक्तात सोडते. त्याचा हुकूम पोहोचल्यावर यकृत इन्शुलिनसदृश वृद्धिघटक तयार करते, आणि हा घटक स्नायूंना प्रथिने साठविण्यास प्रवृत्त करतो. स्नायू स्वतःही हा घटक काही प्रमाणात तयार करतात. या द्रव्याची पहिली चाहूल संशोधकांना १९५७ साली लागली, आणि त्याची रासायनिक रचना १९७८ साली रिंडरक्नेक्ट व हुंबेल या संशोधकांनी निश्चित केली. तत्पूर्वी, १९६१ साली, स्नायुतंतूंच्या कडेला चिकटून असणाऱ्या राखीव पेशींचा शोध लागला होता. वृद्धिघटकांचा निरोप मिळाला की या पेशी वाढतात आणि तंतूंत मिसळून त्यांना जाड व बळकट करतात.

वाढीला चालना देणारी द्रव्ये असतात, तशी तिला आवर घालणारीही असतात. मायोस्टॅटिन हे त्यांपैकी प्रमुख होय. बैलगाडीला उतारावर जसा खीळ घालणारा हात लागतो, तसेच त्याचे काम असते. चालना आणि आवर या दोहोंच्या मेळातूनच स्नायूंची योग्य वाढ होते.

या सर्व व्यवस्थेत शेतकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. जनावर उपाशी पडले, त्याच्या आहारात प्रथिने व ऊर्जा कमी पडली, की रक्तातील वाढीचे संप्रेरक घटत नाही. उलट ते पुष्कळदा वाढलेले आढळते. मात्र यकृत त्याला दाद देत नाही आणि इन्शुलिनसदृश वृद्धिघटक कमी होतो. हुकूम सुटतो, पण कोठार रिकामे असल्याने त्याची अंमलबजावणी होत नाही. उपाशी शरीराने तसे करणे शहाणपणाचेच असते; जे आहे ते जीव जगविण्यासाठी राखावयाचे, वाढीसाठी उधळावयाचे नाही. तात्पर्य, वृद्धिघटकांची कळ जनावराच्या चाऱ्यात आहे. चारा नसेल, तर बाहेरून हुकमांवर हुकूम धाडून काहीही साधणार नाही.

बाटली आणि सुई

यावरून बाजारातील 'वाढीच्या औषधां'चा विचार करता येईल. इन्शुलिनसदृश वृद्धिघटक हे एक प्रथिन आहे. चार महिन्यांच्या करडाला ते पाजले, तरी इतर प्रथिनांप्रमाणे ते पोटात पचून जाईल. वृद्धिघटक म्हणून ते स्नायूंपर्यंत पोहोचणार नाही. बाटलीत जीवनसत्त्वे व क्षार असतील, तर ज्या जनावराला त्यांची उणीव आहे त्याला लाभ होईल. पण प्रथिनांची आणि ऊर्जेची उणीव त्यांनी भरून निघत नाही.

स्टिरॉइड वर्गातील काही औषधांची गोष्ट याहून गंभीर आहे. ती टोचल्यावर शरीरात पाणी साठून जनावर भरल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात तेच औषध दीर्घकाळ दिल्यास स्नायूंची झीज होते आणि रोगप्रतिकाराची शक्ती खचते. गाभण शेळीला ते दिले गेले, तर ती गाभडण्याचाही धोका असतो. पशुवैद्यक अशी औषधे विशिष्ट आजारांत विचारपूर्वक वापरतात. वजन वाढविण्यासाठी त्यांचा वापर करणे म्हणजे गिऱ्हाइकाला आणि स्वतःलाही फसविणे होय.

परदेशांचा दाखला देऊन काही जण विचारतात की, तेथे जनावरांना संप्रेरके देऊन मांस वाढवीत नाहीत काय? अमेरिकेत मांसाच्या गुरांच्या कानाच्या कातडीखाली संप्रेरकाची गोळी बसविण्याची पद्धत आहे, हे खरे. परंतु ती गुरे भरपूर धान्यावर पोसलेली असतात; गोळीचा परिणाम त्या आहारावर अवलंबून असतो. शिवाय त्या देशाचा अनुभवही बोध घेण्यासारखा आहे. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचे संप्रेरक १९५४ पासून तेथील गुरांच्या खाद्यात दिले जात होते. तेच औषध गर्भारपणी घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींत कर्करोग आढळल्याचे १९७१ साली उघड झाले, आणि १९७९ साली गुरांसाठी त्याचा वापर थांबविण्यात आला. युरोपीय देशांच्या संघाने तर वाढीसाठी संप्रेरके वापरण्यास बंदीच घातलेली आहे. भारतात कोंबड्यांच्या खाद्यातून वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नोपयोगी प्राण्यांतील वापर २०१९ साली बंद करण्यात आला. कारण माणसाच्या आजारात शेवटचा आधार असलेले ते औषध निकामी होण्याची भीती होती. आडमार्गाने मिळविलेल्या वजनाची किंमत शेवटी कोणाला तरी चुकवावी लागते.

लगाम काढलेली गुरे

निसर्गातच कधी कधी आवर घालणाऱ्या द्रव्याची उणीव निर्माण होते. बेल्जियन ब्लू आणि पीडमाँटीज या युरोपातील गुरांच्या जातींत मायोस्टॅटिनच्या जनुकात दोष आहे, असे १९९७ साली सिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकन संशोधकांनी हे द्रव्य नसलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट भरतात असे दाखविले होते. या गुरांच्या मांड्या व पुठ्ठे पाहून कोणालाही मोह पडेल. पण बेल्जियन ब्लू गाईंचे वासरू इतके मांसल असते की पुष्कळदा पोट चिरूनच ते बाहेर काढावे लागते. जेथे घराशेजारी पशुवैद्यक आहे, तेथे हे चालू शकते. ज्या वाडीवर रात्री अडलेल्या शेळीजवळ घरातील बाईखेरीज दुसरे कोणी नसते, तेथे असल्या वाढीची हाव धरणे परवडणारे नाही. लहान चणीच्या पहिलारू पाठीला अतिशय थोराड जातीचा बोकड दाखविण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

याच्या उलट एक चूक गावोगाव नकळत घडत असते. कळपातील जे नर करडू सर्वांत झपाट्याने वाढते, ते व्यापाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरते आणि आधी विकले जाते. मागे राहतो तो खुरटलेला नर, आणि पैदाशीचे काम त्याच्याकडे येते. उत्तम कणसे विकून पोचट दाणे बियाण्याला ठेवणारा शेतकरी कोठेही आढळणार नाही; शेळ्यांच्या बाबतीत मात्र नेमके हेच होते. वृद्धिघटकांची देणगी वंशातून येते, हे ओळखून जुळ्यांतला, चांगल्या दुधाच्या शेळीचा, लवकर वाढलेला एक नर दर गावात पैदाशीसाठी राखला पाहिजे, आणि त्याच्या मुली त्यालाच फळू नयेत म्हणून दर दोन वर्षांनी तो बदलला पाहिजे.

जुळ्यांच्या गुणाविषयीही विचार व्हावा. उस्मानाबादी शेळी जुळी करडे वारंवार देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गॅरोल मेंढीचा जुळे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरविला आहे. हा गुण ज्या जनुकाशी निगडित आहे, ते एका वृद्धिघटकाचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनाचे जनुक असल्याचे २००१ साली दिसून आले. गुण मोलाचा आहे. परंतु एका पोटात दोन गर्भ वाढत असतील, तर आईच्या गव्हाणीत चाराही त्या मानाने पडावा लागतो. तो न पडल्यास दोन दुबळी करडे पदरी येतात.

हिशेब महिन्यांचा

गाभण शेळीला विण्यापूर्वी सहा आठवडे खुराक द्यावा, असा सल्ला विस्तारकार्यात नेहमी दिला जातो. तो योग्यच आहे. गर्भाच्या वजनाची दोन-तृतीयांशाहून अधिक वाढ याच काळात होते. कासही याच वेळी भरते. पण हा सल्ला अपुरा आहे. तंतूंची संख्या ठरण्याचा काळ त्याच्याही आधीचा, म्हणजे शेळी फळल्यानंतर दुसऱ्या महिन्यापासून साधारण साडेतीन महिन्यांपर्यंतचा असतो. त्या वेळी पोट दिसत नाही, म्हणून कोणाचे लक्ष जात नाही.

दिनदर्शिका पुढे ठेवून पाहावे. माघात फळलेली शेळी आषाढात विते. म्हणजे तिच्या गर्भातील मांसाची पेरणी चैत्र-वैशाखात, रान करपलेले असताना होते. आणि ज्येष्ठात, शेवटच्या सहा आठवड्यांत, पेरण्यांमुळे शेते चराईला बंद होतात. उलट आषाढात फळलेली शेळी मार्गशीर्षात विते, आणि तिचा गर्भकाळ श्रावण-भाद्रपदाच्या हिरवाईत जातो. ज्यांना शक्य आहे त्यांनी बोकड वेगळा बांधून फळण्याचा काळ असा निवडावा. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी उन्हाळ्यातील गाभण शेळीची तरतूद सुगीतच करून ठेवावी. तुरीचे व हरभऱ्याचे भुसकट जाळून किंवा उघड्यावर कुजवून टाकू नये; ते कोरडे साठवावे. चैत्र-वैशाखात गळणाऱ्या बाभळीच्या शेंगा मुलांकडून गोळा करून ठेवाव्यात आणि इतर चाऱ्याबरोबर थोड्या थोड्या द्याव्यात. बांधावर शेवरी व सुबाभूळ लावावी. मात्र सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक देऊ नये. चाटण वीट आणि स्वच्छ पाणी नेहमी जवळ असावे.

शेवटच्या सहा आठवड्यांत मक्याचा भरडा, पेंड, तुरीची चुणी व गव्हाचा कोंडा यांचे मिश्रण रोज पाव किलोच्या आसपास द्यावे. ते थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवावे. एकदम भरडा घातल्यास पोट बिघडते. जंतांचा उपद्रव असल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध पाजावे. जंत असलेल्या शेळीचा खुराक तिच्या गर्भापर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही.

करडू जन्मताच तासाभरात त्याला चीक पाजावा, आणि पहिल्या चोवीस तासांत त्याच्या वजनाच्या एक-दशांश इतका चीक त्याच्या पोटात जावा. दोन किलोच्या करडाला सुमारे दोनशे ग्रॅम, तोही अनेक वेळांत विभागून. शेळीच्या गर्भाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाशयात मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि एक दिवस लोटल्यावर आतडी ती शोषून घेत नाहीत. चिकात वृद्धिघटकही असतात, आणि ते कोवळ्या आतड्याच्या वाढीस साहाय्य करतात. दुकानात न मिळणारे हे औषध गोठ्यात फुकट मिळत असता 'चीक बाधतो' अशा समजुतीने ते जमिनीवर पिळून टाकणे, यासारखे नुकसान दुसरे नाही.

आक्षेप आणि उत्तर

'जी शेळी आज दूध देत नाही, तिला खुराक घालायचा कशाला?' असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेणारा मनुष्य हट्टी नसून अडचणीतला असतो. त्याच्यापुढे हिशेब मांडावा. रोज पाव किलोप्रमाणे सहा आठवड्यांचा खुराक साडेदहा किलो होतो. एवढा खुराक एका वेतातील एकाहून अधिक करडांच्या जन्मवजनात, चिकात आणि दुधात उतरतो. मेलेल्या एका करडाची किंमत मात्र कोणत्याही हिशेबात भरून निघत नाही. भूमिहीन कुटुंबाला बांध नाही, हे खरे आहे. तेथे जबाबदारी एकट्या कुटुंबावर टाकून चालणार नाही. ग्रामपंचायतीने गायरानाच्या कडेला चाऱ्याची झाडे लावून त्यांचा पाला अशा कुटुंबांना राखून ठेवणे हे गावाच्या आवाक्यातील काम आहे.

ग्रामकार्यकर्त्यांनीही आपल्या कामाची मांडणी थोडी बदलावी. शेळ्या बहुतेक घरी बायकाच सांभाळतात. तेव्हा सभा चावडीवर पुरुषांची घेऊन हा विषय संपत नाही. पशुधन पर्यवेक्षक व पशुसखी यांनी घरोघर जाऊन शेळी फळल्याची तारीख एका वहीत नोंदवावी, आणि दुसरा महिना लागताच त्या घराला त्याची आठवण द्यावी. जन्माचे, तीन महिन्यांचे आणि सहा महिन्यांचे वजन टांगत्या काट्यावर घ्यावे. एका वर्षात गावाला आपल्याच आकड्यांवरून कळेल की, पोसलेल्या शेळीचे करडू आणि अर्धपोटी शेळीचे करडू यांत किती अंतर पडते. स्वतःच्या गोठ्यातील आकडा जितका पटतो, तितके व्याख्यान पटत नाही.

जन्मानंतरच्या देखभालीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. चांगला पाला, भरडा, कोरडी जागा आणि जंतांचा बंदोबस्त यांवाचून उत्तम जन्मलेले करडूही खुरटते. पण आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? करडाच्या अंगावर जे मांस दिसावे अशी इच्छा आहे, त्याची तरतूद पाच महिने आधी त्याच्या आईच्या गव्हाणीत झालेली असली पाहिजे. यंदाच्या उन्हाळ्यात वाढीच्या बाटलीसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून गाभण शेळीसाठी भरडा आणला गेला, तर पावसाळ्यात जन्मणारे करडू त्या खर्चाची फेड आपल्या वजनाने करील.